'न्याय' म्हटल्यावर डोक्यात नेमकं काय येतं?

चॉकधूळ (धागाकर्ता)

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवतो. परवा नागरिकशास्त्राच्या तासाला 'न्याय' आला. व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून पुस्तकं मिटायला लावली आणि म्हटलं, डोळे मिटा, मी 'बैल' म्हणतो, काय दिसतंय सांगा. धडाधड उत्तरं आली. कुणाला घरचा लाल कंधारी दिसला, कुणाला आठवडी बाजारात विकलेला, एकाला तर बैलाच्या शिंगाचा रंगसुद्धा. मग म्हटलं, आता 'न्याय'. दोघातिघांना पिक्चरमधलं कोर्ट दिसलं, तो हातोडा आपटणारा जज्ज. बाकी वर्ग चिडीचूप. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी बोलली, "सर, दिसत काहीच नाही. पण चुलत्यानं आमचा बांध कोरला तवा जे व्हायला पाहिजे होतं अन् झालं नाही, ते."

वर्ग हसला. मला मात्र हे उत्तर पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा वजनदार वाटलं.

डी.एड.ला आम्हाला एक मंत्र दिला होता: मूर्ताकडून अमूर्ताकडे. आधी वस्तू दाखवा, मग चित्र, मग चिन्ह. गणितात मणी-काड्यांपर्यंत ते ठीक चालतं. पण न्याय, हक्क, भरवसा, शक्यता, सरासरी यांची वस्तू आणायची कुठून? आणि वस्तू नसूनही या पोरांना ते कळतं, कित्येकदा आपल्यापेक्षा लवकर. मग मन हे धरतं तरी कशाच्या आधारानं? जाणकारांनी लिहावं. सुविचार नकोत, माहिती द्या. आणि गुगलून आणलेल्या जिलब्या पाडू नका ही नम्र विनंती.

वाचनमात्र

वाचतोय. त्या मुलीला दहापैकी दहा.

गंगथडी

मूळची नांदेडची, सध्या पुण्यात मानसशास्त्रात शिकतेय. सर, तुमचा प्रश्न या विषयातल्या जुन्या भांडणांपैकी एक आहे, त्यामुळे सरळ उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

अॅलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या सुमारास मांडलं की मनात दोन वेगळ्या व्यवस्था असतात, एक शब्दांची आणि एक प्रतिमांची. 'बैल' दोन्हीकडे नोंदला जातो, 'न्याय' मुख्यतः शब्दांकडेच. म्हणून बैल लवकर आठवतो. १९८० मध्ये लेकॉफ आणि जॉन्सन म्हणाले, तसं नाही, अमूर्त कल्पना आपण शरीराच्या अनुभवावर बेतून घेतो. भाव 'चढतो', मन 'खचतं', वजनदार माणसाचा शब्द 'जड' पडतो. हे इतकं पटण्यासारखं आहे की लोक तिथेच थांबतात. पण खचणं कळलं म्हणून नैराश्य कळतं का, हा प्रश्न उरतोच.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास बार्सालू आणि वीमर-हेस्टिंग्ज यांचा, २००५ चा. त्यांनी लोकांना काही शब्द दिले आणि मनात येईल ते सगळं सांगायला लावलं. एका टोकाला पक्षी, मोटार, सोफा. दुसऱ्या टोकाला सत्य, स्वातंत्र्य, शोध. मध्ये स्वयंपाक, शेती असले शब्द. अंदाज असा असतो की 'सोफा' म्हटलं की माणूस सोफ्याचं वर्णन करेल आणि 'सत्य' म्हटलं की हवेत बोलेल. झालं असं की दोन्हीकडे लोक प्रसंगच सांगत होते. फरक एवढाच की सोफ्याच्या बाबतीत प्रसंगातल्या वस्तूकडे लक्ष जायचं, सत्याच्या बाबतीत कोण कुणाला काय म्हणालं, ऐकणाऱ्याच्या मनात काय आलं, पुढे काय घडलं याच्याकडे.

म्हणजे न्यायाला चित्र नाही, पण प्रसंग आहे. माणसं आहेत, बांध आहे, अपेक्षा आहे आणि ती मोडली आहे. तुमच्या विद्यार्थिनीनं नेमकं तेच सांगितलं.

आणखी एक. व्हिग्लिओक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की अमूर्त शब्दांना सरासरीनं भावनेची धग जास्त असते. चुलत्यानं बांध कोरला हे तिनं थंडपणे सांगितलं नसणार.

तर्कटराव

प्रसंग, भावना सगळं मान्य. पण एक हाड घशात अडकतंय. अमूर्त कल्पना जर मूर्त अनुभवावर उभी असेल, तर खालचं मूर्त ढासळल्यावर वरचं अमूर्त आधी पडायला हवं. पण उलटंही घडतं. एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णाची नोंद केली. शब्दांचे अर्थ हळूहळू विसरण्याचा आजार. त्याला 'सुई' विचारलं तर विसरलो म्हणाला, वाळलेल्या गवताचंही तेच. आणि 'विनवणी' विचारलं तर मदतीची कळकळीची मागणी असं चोख उत्तर. असे रुग्ण नेहमी सापडत नाहीत, पण एक सापडला तरी 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' या शिडीची एक पायरी निखळतेच.

दुसरं, मनात नक्की काय आहे हे माणसाला विचारून कळतं यावर फार विसंबू नका. १९८३ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ग्लाइटमन दांपत्यानं लोकांना विचारलं, कुठली विषम संख्या 'जास्त चांगली' विषम संख्या आहे? खरं तर प्रश्नच बावळट. विषम म्हणजे विषम. पण लोकांनी ३ ला ४४७ पेक्षा वरचा नंबर दिला, बिनदिक्कत. तेच लोक विषम असण्यात कमी-जास्त नसतं हेही सांगत होते. म्हणजे डोक्यात नियम एक आणि नमुना वेगळा, दोघे एकाच घरात सुखानं नांदतात. चॉकधूळ, वर्गात करून बघा, मजा येईल.

खामकाठ

इथं सगळे विलायती विद्वान आलेत, म्हणून आपल्या दारातलं सांगतो. चिनी प्रवासी युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तेव्हा त्यानं डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन केलंय, बाहेर दगडी हत्ती वगैरे. अभ्यासक त्याला अजिंठाच मानतात. तिथं पूर्वी दिङ्नाग येऊन राहत असे, असंही त्यानं लिहून ठेवलंय. हा दिङ्नाग म्हणजे बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणारा माणूस, आणि या धाग्याचा विषय त्याचा हातखंडा.

नैयायिक (न्याय नावाच्या दर्शनाचे पंडित) म्हणायचे, सगळ्या गायींत 'गोत्व' नावाचं एक सामान्य खरोखर असतं, म्हणून आपण प्रत्येक गायीला गाय म्हणतो. दिङ्नाग म्हणाला, असलं काही जगात नसतं. जगात फक्त ही गाय, ती गाय. 'गाय' या कल्पनेचं काम एवढंच की जे जे गाय नाही ते बाजूला सारायचं. याला अपोह म्हणतात. नंतर मीमांसा दर्शनाच्या कुमारिलानं धरलं, अरे, गाय नसलेलं ओळखायला आधी गाय माहीत नको का? गोल गोल फिरताय!

त्यावर पुढं दिङ्नागाच्या बाजूनं धर्मकीर्तीनं जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं. तो म्हणतो, गुळवेल आणि तिच्यासारख्या इतर वनस्पती पाहा. एकमेकींशी साम्य नाही, तरी तापावर सगळ्या चालतात. त्यांच्यात एखादं समान तत्त्व लपलेलं असलंच पाहिजे असं नाही. त्या आपलं एकच काम करतात, म्हणून आपण त्यांची एक मोट बांधतो.

आता न्यायाचं बघा. बांधाचा न्याय, पंगतीतल्या वाढण्याचा न्याय, मार्कांचा न्याय, यांत दिसायला काय सारखं आहे? काहीच नाही. त्या मुलीनं व्याख्याही 'झालं नाही, ते' अशी नकारातूनच केली. दिङ्नाग खूश झाला असता.

गंगथडी

खामकाठ, हे माझ्या अभ्यासक्रमात एका ओळीतही नाही. नोंदवून घेतलं.

न्यायाचाच विषय आहे तर, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये सात देशांतल्या मुलांवरचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. दोन मुलं समोरासमोर, खाऊची वाटणी असमान, एकाच्या हातात ती मान्य करण्याचा किंवा दोघांचाही खाऊ घालवण्याचा खटका. आपल्याला कमी येतंय तेव्हा खटका ओढून सगळंच उधळून लावणं सातही देशांत दिसलं, कुठं लवकर तर कुठं उशिरा. पण आपल्याला जास्त येतंय तेव्हाही नको म्हणणं हे फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडात, तेही जरा मोठ्या मुलांत. म्हणजे 'न्याय' ही एकच गोष्ट नाही. अर्धा न्याय सगळ्यांना येतो, उरलेला अर्धा समाज शिकवतो.

सर, तुमच्या मूळ शंकेला जास्त जवळचं काम मात्र लुरिया यांचं. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शाळा न शिकलेले शेतकरी अमूर्त विचार करतात का, हे बघायचं होतं. त्यांचा एक प्रश्न खास आपल्याकडच्यांसाठी असल्यासारखा आहे: कापूस उष्ण आणि कोरड्या जागीच येतो. इंग्लंड थंड आणि दमट आहे. तर तिथं कापूस येईल का?

काश्गरकडच्या खेड्यातला ३७ वर्षांचा निरक्षर माणूस म्हणाला, मला माहीत नाही. मी काश्गरच्या पलीकडं गेलो नाही. पुन्हा विचारलं, माझ्या बोलण्यावरून सांगा. तर म्हणाला, जमीन चांगली असेल तर येईल, ओलसर आणि निकस असेल तर नाही येणार. जमीन भुसभुशीत असेल तर येईलही.

लुरिया यांनी याचा निष्कर्ष असा काढला की हे लोक दिलेल्या विधानांच्या आत राहून विचार करत नाहीत, अनुभवालाच धरून बसतात. पुस्तक छापून यायला मात्र १९७४ उजाडलं.

काळी_माती

एवढे दिवस नुसतं वाचत होतो. आता कापसाचा विषय निघाला म्हणून लिहायलोय. सहा एकर कोरडवाहू, जिंतूर तालुका.

ताई, तो उझबेक गडी बरोबर बोललाय की. "उष्ण अन् कोरड्या जागीच कापूस येतो" हेच मुळात अर्धवट. आमच्या भारी रानात पाऊस जास्त झाला, पाणी साचून राहिलं की कापूस माना टाकतो, उभ्याउभी झाड सुकतं. त्याच पावसात शेजारच्या मुरमाड रानातला टवटवीत. अन् पावसानं दडी मारली की उलटं, भारी रान तग धरतं अन् हलकं रान होरपळतं. पाऊस एकच, गाव एकच. मग "दमट आहे, येईल का" असं कुणी विचारलं तर शेतकरी आधी काय विचारणार? रान कसंय? निचरा होतो का? तेच त्यानं सांगितलं.

अन् मला सांगा, "असं असेल तर येईल, तसं असेल तर नाही" हे अमूर्त नाही तर काय आहे? त्यानं एक सोडून तीन 'जर-तर' दिले. विचारणाऱ्याला एकच पाहिजे होता म्हणून याला नापास केला. हे म्हणजे पोरानं गणित पुस्तकापेक्षा वेगळ्या रीतीनं सोडवलं म्हणून मास्तरनं गोळा द्यावा तसं झालं. चॉकधूळ सर, तुम्हाला नाही म्हणत बरं का.

वाचनमात्र

टाळ्या! +१००

तर्कटराव

काळी_माती, मुद्दा जोरदार आहे. तरी लुरिया यांची बाजू पूर्ण सोडू नका. ते शेतीची परीक्षा घेत नव्हते. त्यांना बघायचं होतं की माणूस समोरच्यानं दिलेलं गृहीतक घटकाभर खरं मानून, केवळ त्याच्या जोरावर पुढं जातो का. ही ताकद वेगळी आहे आणि तिची गरज पडते. भूमितीत 'समजा कखग हा त्रिकोण आहे' म्हटल्यावर पोरगं 'मी नाही पाहिला' म्हणून बसलं तर पुढं कसं जायचं?

गंगथडी

दोघंही बरोबर आहात आणि यावर पुढं बरंच काम झालं.

एक तर त्या शेतकऱ्याचं 'माहीत नाही' हे स्वतःच चोख अनुमान आहे. जे पाहिलं नाही त्याविषयी बोलू नये. मी ते पाहिलं नाही. म्हणून मी बोलणार नाही. तर्क शाबूत आहे, फक्त परीक्षकाचं गृहीतक न घेता स्वतःचं घेतलंय. लुरिया यांचा आणखी एक प्रश्न होता: दूर उत्तरेला, बर्फात, सगळी अस्वलं पांढरी असतात; मग तिथल्या अमुक एका ठिकाणची अस्वलं कुठल्या रंगाची? त्याला एकानं काय उत्तर दिलं बघा: साठ-ऐंशी वर्षांच्या माणसानं पांढरं अस्वल पाहून येऊन सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता. साक्ष कुणाची धरायची याचा हा नियमच आहे, आणि तोही अमूर्तच.

दुसरं, ही सवय साक्षरतेतून येते की शाळेतून? लायबेरियात वाइ लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर, घरी, एकमेकांकडून शिकतात. स्क्रिब्नर आणि कोल यांनी तिथं वर्षानुवर्षं काम करून १९८१ मध्ये पुस्तक काढलं. नुसती लिपी येणाऱ्यांत असल्या प्रश्नांच्या बाबतीत विशेष फरक नव्हता. फरक पडत होता तो शाळेत गेलेल्यांत. आता शाळेत काय होतं? ज्या प्रश्नाशी आपलं काही देणंघेणं नाही आणि ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, अशा प्रश्नाला निमूट उत्तर द्यायचं वळण लागतं.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दियास, रोआत्सी आणि हॅरिस यांनी २००५ मध्ये ब्राझीलमधल्या, शाळा न शिकलेल्या प्रौढांना असलेच प्रश्न विचारले, पण सुरुवात बदलून. हे सगळं एका दूरच्या ग्रहावर घडतंय असं आधी सांगितलं. त्यासरशी तेच लोक दिलेल्या विधानांच्या आत राहून नीट अनुमान करू लागले. अडसर तर्काचा नव्हता. कुठल्या खेळात आहोत हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि सर, हा खेळ आपल्याकडं घरोघरी आहे. श्रावणातल्या कहाण्या ऐकणाऱ्या बायका 'आटपाट नगर होतं' म्हटल्यावर 'कुठल्या तालुक्यात?' असं कधी विचारतात का? तिथं नागोबा बोलतो, दिवे गप्पा मारतात, आणि नावडत्या राणीला काय मिळायला हवं याचा हिशोब सगळ्याजणी अचूक करतात. पैठणला नाथांच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध. तो विंचू आमच्या आजीनं कधी अंगणात शोधला नाही. एक अक्षर न शिकलेली बाई वेदान्तातलं रूपक बसल्या जागी सोडवते, आणि आपण तिला अमूर्त विचार जमत नाही म्हणणार?

डबल_बेल

एसटीत वाहक आहे. हे सगळं डोक्यावरून चाललं होतं, पण भाचा एम.ए. करतोय, त्यानं एक कोडं घातलं. चार पत्ते. वर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागं सम संख्या पाहिजे. नियम पाळलाय का बघायला कुठले पत्ते उलटायचे? मी म्हणलं अ आणि ४. चूक! म्हणे वेसन नावाच्या माणसानं १९६६ मध्ये हे काढलं आणि दहातला एखादाच बरोबर सांगतो. उत्तर अ आणि ७. चारच्या मागं काहीही असलं तरी नियम मोडत नाही.

मग त्यानं माझ्या भाषेत विचारलं. शून्याचं तिकीट असेल तर वय ७५ च्या वर पाहिजे. गाडीत चौघं. एकाकडं शून्याचं तिकीट, एकाकडं पैसे देऊन काढलेलं, एक आजोबा ८० चे, एकजण ६० चा. कुणाला तपासणार? मला विचार करायलाच लागला नाही. शून्यवाल्याचं आधार बघायचं अन् साठवाल्याचं तिकीट. ऐंशीच्या आजोबाला कशाला उठवायचं, त्यानं पैसे भरले असले तरी गुन्हा थोडाच आहे? भाचा म्हणाला, मामा, हे तेच कोडं आहे.

तेव्हापासून माझं डोकं गरगरतंय. तेच कोडं होतं तर आधी का नाही जमलं?

गंगथडी

मामा, हाच प्रश्न विचारून लोकांनी पीएचड्या मिळवल्यात. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन हे केलं, तेव्हा साधारण चारातले तीन बरोबर आले. लीडा कॉस्मिडीस यांचं म्हणणं, फसवणूक पकडायची खास बुद्धी माणसात मुळातूनच असते. इतरांचं म्हणणं, तशी खास बुद्धी वगैरे नाही, परवानगी आणि बंधन यांचे साचे आपण रोजच्या व्यवहारातून उचलतो. भांडण मिटलेलं नाही. मला विचाराल तर वाहकाच्या नोकरीनं दुसऱ्या बाजूचं पारडं जड केलंय.

कोयत्याची_लेक

बीड जिल्हा. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी हंगामी वसतिगृहात राहून शिकले, आता सातवी-आठवीला गणित शिकवते.

चॉकधूळ सर, ऋण संख्यांचा धडा तुमच्याकडं कसा जातो? माझ्याकडं एका वाक्यात जातो. पुस्तकात तापमापी आहे, समुद्रसपाटी आहे. आमच्या पोरांनी समुद्र पाहिला नाही आणि शून्याखालचं तापमानही नाही. पण 'अंगावर' म्हटलं की संपलं. मुकादमाकडून उचल घेतली, हंगामभर तोडणी केली, शेवटी हिशोबात तोडणी कमी भरली तर पैसे अंगावर राहतात. ते पुढल्या वर्षी वजा होऊनच हंगाम सुरू होतो. शून्याच्या खालून सुरुवात करणं म्हणजे काय, हे या पोरांना तापमापी दाखवून सांगायचं?

आणि एकक कसं अमूर्त असतं बघा. 'एक कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते. माझ्या आईला सही येत नव्हती, पण टोळीत किती कोयते, कुणाची उचल फिटली, कुणाची किती राहिली, हे सगळं तिच्या तोंडावर. अर्ध्या कोयत्याचा हिशोब म्हणजे अपूर्णांकच की. फक्त त्यात बाईची वेगळी मजुरी कुठं दिसत नाही, हा त्या एककातला खोटेपणा. तो मात्र मला शिकल्यावर दिसला, आईला तो रोज जाणवायचा पण बोलायला जागा नव्हती.

खामकाठ

ऋण हा शब्द ब्रह्मगुप्तानंच वापरलाय, इ.स. ६२८ मध्ये. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. त्यानंतर अकराशे वर्षांनी, १७५८ मध्ये, फ्रान्सिस मॅसेरेस हा इंग्रज गणिती वजाच्या चिन्हावर प्रबंध लिहून ऋण संख्यांना बीजगणितातून हाकला म्हणत होता. त्याच्या अंगावर कधी काही राहिलं नसावं.

तर्कटराव

हाहा. पण कोयत्याची_लेक, ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे उचलीवरून कसं शिकवता? कर्जाला कर्जानं गुणायचं म्हणजे काय?

कोयत्याची_लेक

पाचशेची तीन कर्जं काढून टाकली तर तुमच्याकडं दीड हजार वाढले का नाही? वजा तीन गुणिले वजा पाचशे. एक पोरगं ओरडलं, "बाई, कर्जमाफी!" त्या वर्गात पुन्हा शिकवायची गरज पडली नाही.

तर्कटराव

सुंदर. पण हे तिथंच थांबतं, हे तुम्हीही मान्य कराल. पुढं दहावीला वजा क्ष गुणिले वजा य आलं की कुठली माफी? तिथं पोराला एवढंच दिसायला हवं की ५ आणि वजा ५ मिळून शून्य, त्या शून्याला वजा ३ नं गुणलं तरी शून्यच, त्यातला पहिला भाग वजा १५, म्हणून दुसरा अधिक १५ असल्याशिवाय गत्यंतर नाही. यात कर्ज नाही, ऊस नाही, काही नाही. नियम एकमेकांना धरून उभे आहेत. प्रसंग दारापर्यंत सोडायला येतो, आत आपल्यालाच जावं लागतं. आणि काही पोरं दारातच रमतात, हा माझा अनुभव आहे. ३ ला 'चांगली विषम संख्या' म्हणणारे ते हेच.

चॉकधूळ (धागाकर्ता)

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

तर्कटराव, तुमच्या 'आत जाण्या'वरून एक विचारतो. माझ्या वर्गात अडतं ते नेमकं 'सरासरी'ला. उदाहरण सोडवतात, बेरीज भागिले संख्या. पण सरासरी म्हणजे काय विचारलं की गाडी बंद. न्यायाला निदान प्रसंग आहे. सरासरीला प्रसंगही नाही, ती कुणालाच कधी भेटत नाही. पाच जणांच्या उंचीची सरासरी काढली तर त्या उंचीचं पोरगं वर्गात नसतंच.

काळी_माती

सर, सरासरी भेटत नाही असं म्हणू नका. आम्हाला दरसाल भेटते.

पीक विमा कसा ठरतो? महसूल मंडळ (काही गावांचा मिळून एक गट) धरून. मंडळात जागोजागी पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं, अन् ते उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं तरच भरपाई. आता समजा माझं सोयाबीन ओढ्याच्या पाण्यानं पार गेलं, पण मंडळातल्या बाकीच्यांचं बरं आलं. सरासरी उंबरठ्याच्या वर. मला काय मिळणार? ह्या हिशोबात भोपळा. म्हणून तर २०२४ पर्यंत नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायची वेगळी धावपळ असायची. अन् उलटंही होतं. माझं चांगलं आलं पण मंडळ बुडालं तर मलाही पैसे येतात. तेव्हा आम्ही गप बसतो, हे पण खरं. ताईंनी वर खाऊच्या वाटणीचं सांगितलं ना, तसंच.

पैसेवारीचंही तेच. गावाची पैसेवारी (नेहमीच्या मानानं गावात किती पीक आलं त्याचा सरकारी आकडा) ५० च्या आत का बाहेर, यावर आधी दुष्काळ ठरायचा. माझ्या रानात काय दिसतंय त्याला किंमत नव्हती, गावाच्या आकड्याला होती. न दिसणारी गोष्ट माणसाच्या पोटावर येते तेव्हा बराबर कळते. आमच्या पारावर बसलेल्या कोणत्याबी म्हाताऱ्याला विचारा, एका रानाचा आकडा वाढला तर मंडळाचा किती हलतो ते कागद न घेता सांगतील.

तर्कटराव

हे मात्र मान्य. यात नियमही आहे आणि प्रसंगही. आणि 'सरासरी न्याय्य आहे का' हा प्रश्न आपसूक येतो, तो गणिताच्या पुस्तकात कधीच येत नाही.

गंगथडी

सर, वर्गासाठी एक सुचवू का? दोन पद्धतीनं घ्या. एकदा मंडळाचं खरं उदाहरण, खरी गावं, खरी पिकं. दुसऱ्या दिवशी दूरच्या ग्रहावरची पाच शेतं, पीक 'झिंबू', आकडे मनचे. कुणाला कुठलं सोपं गेलं ते टिपून ठेवा. जी पोरं खऱ्या उदाहरणात चोख आणि झिंबूत अडखळतात त्यांना सरासरी येत नाही असं लिहू नका. आणि जी झिंबूत चोख पण मंडळात गोंधळतात, त्यांच्याकडं जास्त लक्ष द्या. आपल्या शाळा अशीच पोरं जास्त तयार करतात.

चॉकधूळ (धागाकर्ता)

करतो. झिंबूचं बियाणं मिळतं का कृषी विद्यापीठात विचारून बघतो.

काळी_माती

झिंबूचं नंतर बघा सर. सोयाबीन काढणीला आलं की आमच्या मंडळात कापणी प्रयोग लागतील. रान आधीच चिठ्ठीवर निघालेलं असतं, कुणाचं ते आपल्या हातात नसतं. पोरं घेऊन या, वजनाच्या वेळी समोर उभी करा. आकडा कसा तयार होतो ते बघू द्या. फक्त आदल्या दिवशी तलाठ्याला अन् कृषी सहायकाला फोन करून या, नाहीतर दिवसभर बांधावर बसावं लागतंय.